आगोटीचे प्रश्न: कौलं, ओल, विहीर आणि शेजार

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त गळकी छपरं आणि बंद घरं. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट तारखेची. मृग ७-८ जूनला लागतो, म्हणून आगोट जूनच्या तोंडापर्यंत खेचायची जुनी सवय आता महागात पडते. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते ३ जून २०२० रोजी. तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच कोकणाला घासून गेलं. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २५ मे रोजी तळकोकणात दाखल झाला, तेव्हा कित्येकांची कौलं खळ्यात उतरवून ठेवलेली होती. छपराचं काम १५ मेच्या आत संपलंच पाहिजे, हे धरून चाला.

मंगलोरी कौलांचं घर आहे. दरवर्षी शाकारून घेतो, फुटकी कौलं बदलतो. तरी माजघरात एकाच जागी गळतं, तेही पाऊस वाऱ्याबरोबर आला की. कौल काढून पाहिलं तर धड असतं. घरातले म्हणतात, सगळं उतरवून पत्रा घाला. काय करावं?
– एक वाचक, संगमेश्वर

कौल धड असून गळतं, म्हणजे पाणी कौलातून येत नाही, दोन कौलांच्या मधून येतं. मंगलोरी कौलाच्या कडेला आणि डोक्याकडे खोबण असते. वाऱ्याने आत ढकललेलं थोडं पाणी या खोबणीतून वाहत खालच्या कौलाच्या पाठीवर जावं, अशी ती रचना आहे. त्या खोबणीत आंब्याचा मोहर, सुकी पानं, शेवाळ आणि धूळ बसून घट्ट झाली की पाणी पुढे जायच्या ऐवजी काठावरून घरात उतरतं. शाकारणारा गडी फुटकी कौलं बदलतो, सरकलेली बसवतो आणि खाली येतो. धड कौल उचलून त्याची खोबण साफ करणं त्याच्या हिशेबातच नसतं. ते काम वेगळं सांगावं लागतं आणि त्याची मजुरीही वेगळी ठरवावी लागते.

आधी जागा शोधा. थेंब जिथे पडतो त्याच्या नेमकं वर पाहू नका. पाणी रिपेवरून (कौलं जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी) किंवा वाशावरून धावत खाली येतं आणि वाशाला गाठ किंवा खिळा लागला की तिथे ठिबकतं. डागापासून आढ्याच्या दिशेने चारपाच फुटांचा पट्टा धरा. भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून आत अंधार करा. वर उन्हाची तिरीप दिसली तर तिथलं कौल सरकलेलं आहे. तिरीप नाही आणि गळतं, तर खोबण भरलेली आहे असं समजा. खात्रीसाठी एकाला नळी घेऊन वर पाठवा आणि एकाने आत थांबावं. पाणी खालच्या ओळीपासून सुरू करून प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं सोडायचं. वरून सुरुवात केली तर सगळं छप्पर ओलं होतं आणि कळत काहीच नाही.

तो पट्टा उतरवला की प्रत्येक कौल नारळाच्या किंवा नायलॉनच्या राठ ब्रशने कोरडंच घासा, खोबणीत बांबूची चोय फिरवा. तारेचा ब्रश जोर देऊन मारू नका. वरचा भाजलेला गुळगुळीत थर खरवडला की पुढच्या वर्षी शेवाळ तिथेच जास्त धरतं. मग कौल एका हातात अधांतरी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर आत केसाएवढी चीर आहे, ती डोळ्यांना दिसणार नाही. बसवताना खालच्या ओळीपासून वर या. पाय कौलाच्या मधोमध कधीच ठेवायचा नाही. जिथे कौल रिपेवर टेकतं आणि वरचं कौल त्याच्यावर चढतं त्या जोडावर पाय ठेवायचा, किंवा आडवी फळी टाकून तिच्यावरून फिरायचं. शाकारणीनंतरच्या निम्म्या गळत्या गड्याच्या पायाखाली तडकलेल्या कौलांच्या असतात.

आणखी दोन ठिकाणं तपासा. रीप मधे खचली असेल तर तिथे उतार मोडतो, पाणी रेंगाळतं आणि कौलांचा जोड उघडा पडतो. रिपेच्या दोन टोकांना दोरी ताणली की झोळ दिसतो. अशी रीप बदला, तिच्यावर नवं कौल टाकून भागत नाही. दुसरं, कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, ते वाचा. बासेल मिशनने एकोणिसाव्या शतकात मंगळुरात हा धंदा सुरू केला आणि पुढे पुष्कळ कारखाने निघाले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. वरून एकसारखी दिसणारी दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत पुरती बसत नाहीत, मधे दाभणाएवढी फट राहते आणि सरळ पावसात ती फट कधीच गळत नाही. तुमच्या वर्णनावरून याचाही संशय येतो. अशी उपरी कौलं एकत्र काढून पडवीच्या किंवा गोठ्याच्या छपरावर घाला आणि घरावर एकाच साच्याची राहू द्या. जुन्या साच्याची कौलं पडक्या घरांची मोडतोड होते तिथे मिळतात. शंभर चौरस फुटांना साधारण १४० कौलं लागतात. त्यापलीकडे पंचवीस-तीस उभी करून माळ्यावर ठेवलेली असावीत.

आढ्यावरच्या कोनाच्या कौलांखाली नुसतं घट्ट सिमेंट भरलं तर ते आकसतं आणि कौलापासून सुटतं. १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू हे मिश्रण जास्त टिकतं. कौल आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर कोरडं कौल मिश्रणातलं पाणी शोषून घेतं आणि सांधा भुसभुशीत होतो.

राहिला पत्रा. शंभर चौरस फूट कौलांचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं, तेवढ्याच पत्र्याचं पन्नास किलोही नाही. कौलांना त्यांचं वजनच धरून ठेवतं. पत्रा मात्र वाऱ्याने वर उचलला जातो, म्हणून वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडल्याशिवाय घालू नका. खिळा किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पन्हळीसारख्या खोलगट भागात नव्हे. वानरांचा उपद्रव असेल तर पत्र्याचा विचार समजू शकतो. एका गळतीसाठी मात्र सगळं छप्पर उतरवू नका.

आम्ही मुंबईकडे असतो. गुहागर तालुक्यातलं घर मेअखेरीस बंद करतो ते गणपतीला उघडतो. दार उघडलं की कुबट वास, गाद्यांवर बुरशी, कपाटाच्या पाठीला वाळवी. जाताना सगळं प्लॅस्टिकमध्ये बांधून, खिडक्या घट्ट लावून जातो, तरी असं का?
– एक वाचक, डोंबिवली

सगळं बांधून आणि घट्ट लावून जाता, म्हणूनच. जुलैत कोकणातली हवा जवळजवळ पूर्ण पाण्याने भरलेली असते आणि बुरशीला त्याहून बरंच कमी पुरतं. हा दमटपणा घालवता येत नाही, फक्त हलता ठेवता येतो. जुन्या घरात छपराखालच्या फटीतून वारा फिरायचा. आता त्या जागा बुजवून स्लायडिंगच्या खिडक्या लागल्या आणि घर डब्यासारखं झालं.

खिडक्या लावा, पण छपराजवळचे झरोके उघडे ठेवा, त्यांना बारीक जाळी मारा. आतल्या खोल्यांची दारं आणि कपाटांची दारं बोटभर उघडी राहतील अशी पाचर घाला. कपाटं, पलंग भिंतीपासून सहा इंच पुढे ओढा आणि पायांखाली चिऱ्याचे किंवा फरशीचे तुकडे द्या. गाद्या दोन दिवस कडक उन्हात टाका आणि संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावर खाटेवर उभ्या करून ठेवा. ऊन लागलेली गरम गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की आतल्या आत घाम धरते. दमटपणा शोषणारे डबे बंद कपाटात थोडेफार चालतात, मोकळ्या खोलीत पंधरा दिवसांत पाण्याने भरून निकामी होतात. कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवण्याचा उपाय फिरतो आहे, त्यात वाटीभर ओलं मीठ मिळतं.

फ्रिज पुसून दार उघडं ठेवा, मधे टॉवेलची घडी. गॅसचा रेग्युलेटर काढा. मेन स्विच बंद करणार असाल तर इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्या वायरी सोडवा, नाहीतर ती उतरून कायमची बसते. छपरावरची प्लॅस्टिकची टाकी रिकामी सोडू नका. अर्धी भरलेली टाकी जागेवर राहते, रिकामी वाऱ्याने शेजारच्या कौलांवर जाते. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर झाडूने पाडून समाधान मानू नका. वारूळ जमिनीखाली आहे. जोत्याभोवती औषध सोडावं लागतं, आणि ते काम पाऊस लागण्याआधीचं आहे.

हे सगळं केलं तरी तीन महिने दार न उघडलेलं घर कुबट होणारच. दर दहा-पंधरा दिवसांनी उघडीप मिळेल त्या दिवशी पुढचं-मागचं दार दोन तास उघडणं, हा खरा उपाय आणि तो शेजाऱ्याच्या हातात आहे. किल्ली देताना ‘घराकडे लक्ष ठेवा’ एवढंच मोघम सांगू नका. काय पाहायचं ते सांगा: माजघराच्या भुईवर पाणी, भिंतीवर मातीच्या नळ्या, पन्हळीत अडकलेला पाला. शिडी बाहेर काढता येईल अशी ठेवा. दहा कौलं, एक बॅटरी, गड्याचा आणि वायरमनचा नंबर आणि गड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे त्यांच्याकडे देऊन ठेवा, म्हणजे कौल सरकलं तर त्यांना तुमच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. त्याबद्दल त्यांना पैसे द्यावेत का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. बहुतेक वाड्यांत ते अपमानाचं वाटतं. वाडीची वर्गणी मागायला न लावता देणं, त्यांच्या मुंबईतल्या दवाखान्याच्या फेरीला सोबत जाणं, घरच्या कार्याला किंवा मयतीला दारात उभं राहणं, हा हिशेब मात्र वाडी बरोबर ठेवते.

वाडीची विहीर बावीस घरं वापरतात. यंदा उपसून गाळ काढायचा आहे. पाणी खोल असल्यामुळे इंजिन आत टप्प्यावर ठेवायचं चाललंय. आणि नंतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती घालायची? गेल्या वर्षी अंदाजाने दोन ओंजळी टाकली तर चार दिवस पाण्याला वास होता.
– एक वाचक, लांजा

इंजिन विहिरीत उतरवू नका. डिझेल किंवा पेट्रोलच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो विहिरीत साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. आधी एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. इंजिन काठावर ठेवून नुसता पाइप खाली सोडा, आणि काठावरून पाणी ओढलं जात नसेल तर विजेचा पाणबुडी पंप भाड्याने आणा. माणूस उतरण्याआधी तो बंद करून वीज तोडायची. कंदील उतरवून पाहण्याची रीत चांगली, पण अपुरी. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळतं, पेटता राहिला म्हणून विषारी वायू नाहीच असं ठरत नाही. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला हवा आणि तो ओढायला वर किमान तीन माणसं. आतल्याने हाकेला ओ दिली नाही तर दोराने ओढायचं, कोणी उतरायचं नाही.

आता टीसीएल. ओंजळीने मोजायची वस्तू नव्हे ती. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले खोली, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ४ × ७८५ = २८,२६० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. खोलीसाठी दोराला दगड बांधून सोडा आणि ओला भाग मोजा. पावसात पाणी रोज चढतं, तेव्हा मापही दर वेळी नव्याने घ्या.

पावडर थेट विहिरीत टाकायची नाही, हीच तुमची गेल्या वर्षीची चूक. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, ढेकळं मोडा, मग बादली पाऊण भरेल एवढं पाणी घालून ढवळा. दहा मिनिटांत चुन्याचा गाळ तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि गाळ लांब खड्ड्यात टाका. निवळ पाण्याची बादली दोराने विहिरीत बुडवा आणि वरखाली, आडवीउभी हलवा, म्हणजे औषध सगळीकडे जातं. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. किमान एक तास कोणी पाणी काढायचं नाही. रात्री शेवटची कळशी भरून झाल्यावर हे केलं तर कोणाचीच अडचण होत नाही. नंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलंय हे रंगावरून पाहायची चाचणी, करा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे द्रावण असतं. पाणी पिवळं झालं पाहिजे आणि रंगाच्या पट्टीवर लिटरला अर्धा मिलिग्रॅम दिसला पाहिजे. रंगच आला नाही तर पाणी गढूळ आहे किंवा पावडर मेलेली आहे. उघड्या पिशवीत दमट जागी ठेवलेली टीसीएल महिन्या-दोन महिन्यांत कस गमावते, म्हणून बाकीची झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधारात ठेवा.

चिऱ्याच्या भिंतीला आतून गुडघ्याएवढी ओल चढते, गिलाव्याला पांढरा लोणा (क्षार) येतो. दोनदा वॉटरप्रूफ रंग लावला. आता ओल कमरेपर्यंत आली.
– एक वाचक, कुडाळ

रंगाने ओलीची बाहेर पडायची वाट बंद केली, म्हणून ती वर चढली. चिरा सच्छिद्र दगड आहे, खालचं पाणी शोषतो आणि पृष्ठभागावरून हवेत सोडतो. सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिकचा रंग चढवला की त्याला सोडायला जागा उरत नाही.

ओल भिंतीतलीच आहे ना, हे पाहायला फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीची, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली. तुमच्या बाबतीत पहिलंच दिसेल असं वाटतं. मग आतून काही करण्याआधी बाहेर जा. जोत्याला लागून चढलेली माती खोदून घरातल्या भुईपेक्षा किमान सहा इंच खाली न्या. अंगणाला घरापासून दूर उतार हवा, दर चार फुटांना एक इंच. पागोळ्या पडतात त्या ओळीवर दोन फूट रुंद खडीचा पट्टा घाला. उघड्या मातीवर किंवा फरशीवर पडलेली पागोळी उसळून भिंतीवर येते, खडीवर पडलेली मुरते.

आतला गिलावा ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत उघडी ठेवा. चुन्याचा गिलावा, १ भाग चुना आणि ३ भाग वाळू, दिवाळीनंतर थंडीत करा. त्याला सावकाश सुकावं लागतं, मेच्या उन्हात तो भेगाळतो आणि पावसात धरतच नाही. यंदाचा पावसाळा भिंत उघडीच राहील. दिसायला वाईट, पण राहू द्या.

वाडीत निम्मी घरं बंद. पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) सफाईला पाच-सहाच माणसं येतात. पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हातारी माणसं घसरतात.
– एक वाचक, राजापूर

माणसं कमी असतील तर कामाचा क्रम बदला. आधी वहाळ आणि रस्त्याखालची मोरी मोकळी करा, पाखाडी नंतर. मोरी तुंबली की पाणी पायऱ्यांवरूनच वाट काढतं, आणि रोज पाणी वाहिलेल्या पायरीवर शेवाळ धरणारच. पाखाडीच्या वरच्या अंगाला सहा इंच खोल चर काढला तर निम्मं काम होतं. सुकलेलं शेवाळ मे महिन्यात कोरडंच खरवडा. जुलैत ते पुन्हा दिसलं की विहिरीसाठी निकामी झालेली टीसीएल मूठभर बादलीत कालवून पायऱ्यांवर झाडूने पसरा, पंधरा मिनिटांनी घासा. मात्र ते पाणी वहाळात किंवा विहिरीच्या बाजूला जाऊ देऊ नका. चिऱ्याच्या पायऱ्यांवर सिमेंटचा गुळगुळीत थर देण्याचा मोह टाळा. चिऱ्याच्या खरबरीत अंगावर पाय धरतो, सिमेंटवर सुटतो.

दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यातला रविवार धरा, चाकरमानी गावात असतात. जे घर येणार नाही त्याने एका माणसाची दिवसाची मजुरी द्यायची, हे आधीच वाडीच्या बैठकीत ठरवा आणि बंद घरांनाही फोनवर कळवा. बहुतेक जण देतात, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आणि चहा-नाश्ता कोणाच्या घरचा तेही आधीच ठरलेलं बरं. कामापेक्षा त्यावरून जास्त बिनसतं.

घरामागे लाकूडफाटा आणि उरलेले चिरे रचलेत. फुरसं निघेल म्हणून घरात भीती आहे. रास कुठे हलवावी?
– एक वाचक, देवगड

घरापासून पंधरा-वीस फूट लांब, जमिनीपासून फूटभर उंच मचाणावर. हलवताना हात न घालता काठीने एकेक चिरा उलटा, जाड बूट घाला. रात्री लाकूड आणायला बॅटरीशिवाय जाऊ नये. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणं, जखम कापणं, चोखणं यांतलं काही करू नका. अवयव स्थिर ठेवून माणसाला प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या, १०८ ला फोन लावा. आपल्याकडे मिळणारी लस फुरशावर चालते, साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

सोडे आणि सुके बोंबील जुलैपर्यंत नरम पडतात, त्यांना वास येतो. डबा तर घट्ट असतो.
– एक वाचक, मालवण

उन्हातून काढून गरम असतानाच भरता का? गरम मासळीची वाफ डब्यात धरते. मेच्या शेवटच्या कडक उन्हात पुन्हा दोन दिवस द्या, सावलीत तासभर गार करा, मग कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरा. एका मोठ्या डब्याऐवजी चार लहान करा, म्हणजे दर वेळी सगळी मासळी दमट हवेला लागत नाही. ओल्या हाताने किंवा नुकत्या धुतलेल्या चमच्याने काढायची नाही. नरम पडलीच असेल आणि वास आंबूस नसेल तर मंद आचेवर कोरडी भाजून आठवड्यात संपवा. हिरवट बुरशी दिसली तर तो डबा पूर्ण टाकून द्या.